सातवी हालचाल

सोनवी खोरे रायफल मंडळ,
चिरेखाण मैदान, ता. संगमेश्वर
१२ फेब्रुवारी २०२४

मंडळाच्या सभासदांनो, आणि ज्यांनी आपल्या मुली माझ्या हाती सोपवल्या त्या पालकांनो,

आपल्या सगळ्यांची एकच तक्रार आहे आणि मी ती वीस वर्षं ओरडून सांगतो आहे. आपल्याला गोळ्या मिळत नाहीत. भरतीला पोरी आपल्या जाणार, परेडमध्ये त्यांच्यासाठी टाळ्या वाजणार, आणि रायफल शिकायला एका मुलीमागे वर्षाला दहा गोळ्या! पोहायला शिकवा म्हणायचं आणि पाणी वाटीतून द्यायचं, असा हा कारभार. बाकी सगळा सराव आम्ही पितळेच्या खोट्या गोळ्यांवर करून घेतो.

रविवारी ४ तारखेला प्रत्यक्ष गोळीबाराच्या वेळी कु. शमिका गोताड, वय एकोणीस, हिच्या उजव्या पंजातून शेजारच्या रायफलची गोळी गेली. मुलीचा जीव वाचला. अंगठ्याजवळचं बोट गेलं आणि पंजाची पकड राहिली नाही. चौकशी समिती बसली, तिच्यात मीही होतो. निष्कर्ष असा, की गोळीबार चालू असताना प्रशिक्षणार्थी स्वतःहून रेषेच्या पुढे गेली. सूचनेचा भंग. त्याखाली माझी सही आहे. ती करताना हात जड झाला, पण शिस्त म्हणजे शिस्त.

रायफल भरणं आणि अडलेली रायफल मोकळी करणं नवशिक्यांना सात हालचालींत शिकवायची माझी पद्धत आज जिल्ह्यातल्या पाच केंद्रांवर चालते. त्या पद्धतीत खोट नाही. खोट आहे ती आपल्याला उपाशी ठेवणाऱ्यांत. त्यांना जाब विचारा!

आपला,
रघुनाथ धोंडू शिगवण
सुभेदार (निवृत्त), मुख्य शिक्षक

•

गोताडवाडी
३ मार्च २०२४

आदरणीय सरांस, सा. न.

अक्षर बघून हसू नका. डाव्या हाताने लिहितेय. डॉक्टर म्हणाले, रोज एक पान लिहायचं. पाढे लिहून झाले, वाडीतल्या सगळ्या म्हशींची नावं लिहून झाली. मग आई म्हणाली, "सरांना लिही की गो. त्यांना वाचायची आवड." फोन केला असता, पण तुमचा आवाज ऐकला की मी सावधान उभी राहते आणि तोंडातून शब्द फुटत नाही.

तुमचं पत्रक ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागलंय. मी वाचलं. सर, मी तुमचं नाव घालवलं. वीस वर्षांत तुमच्या मैदानावर कुणाला ओरखडासुद्धा आला नव्हता. गोदाकाकू रोज येते आणि विचारते, "गोळ्या येचायला गेलीस काय गो? बोरं व्हती काय ती?" मी हसते. आई हसत नाही. परवा तिने काकूला चहा न देताच वाटेला लावलं.

माझं काही मागणं नाही. पोलीस भरतीचा अर्ज बाबांनी मुंबईहून फोन करून मागे घ्यायला लावला, तेही ठीक. मागणं आरोहीसाठी आहे. तिच्या रायफलची गोळी होती म्हणून तिने अन्न सोडलं होतं. आता तिला वेळणेश्वरला मामाकडे पाठवलंय. माझा फोन ती उचलत नाही. तिला वाटतंय तिनेच मला मारलं. तिचा डोळा लक्ष्यावर होता, तिला माझा हात कसा दिसणार? सर, तुम्ही तिला सांगा की चूक माझी होती. तुमचं ती ऐकेल.

तुमची विद्यार्थिनी,
शमिका

•

देवरुख
११ मार्च २०२४

चि. शमिकास, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आलं. डाव्या हाताचं अक्षर माझ्या उजव्यापेक्षा बरं आहे. लिहीत राहा. मी आमच्या वाचनालयातून दोन जाड पुस्तकं पाठवतो आहे. त्यातली पानं उतरवून काढ, हातही चालेल आणि डोकंही.

नाव घालवलंस वगैरे मनात आणू नकोस. चूक कुणाची, हा हिशेब करत बसायचं तुझं वय नाही. पलटणीत मी अनेक जखमी पाहिले. जे मागे बघत बसले ते तिथेच राहिले. तू पुढे बघ. आरोहीला भेटायला मी जातीने वेळणेश्वरला जाईन.

एक विचारतो. समितीसाठी नाही, फक्त माझ्या समाधानासाठी. तू पुढे का वाकलीस? कुणी हाक मारली का? काही दिसलं का? सहा महिने तू एकदाही चुकली नव्हतीस. तुकडीत पहिली होतीस. मग त्या क्षणाला काय झालं?

तुझा,
र. धों. शिगवण

•

गोताडवाडी
२० मार्च २०२४

आदरणीय सरांस, सा. न.

तुम्ही विचारलंत म्हणून खाटेवर पालथी झोपून सगळं पुन्हा करून पाहिलं. हातात छत्री धरली होती. आई बघून म्हणाली, "हात तुटला तरी कवायत सुटना!" पण करून पाहिल्याशिवाय मला आठवत नव्हतं.

तीन गोळ्या नीट गेल्या. चौथीला घोडा ओढला तर नुसता टक आवाज. मी ओरडले, "अडली!" मग तुमच्या सात. एक, बोट घोड्यावरून बाहेर. दोन, नळी लक्ष्याकडेच. तीन, मनात तीस अंक, कारण गोळी उशिरा पेटू शकते. मी पूर्ण तीस मोजले सर, घाई केली नाही. चार, बोल्ट मागे, अडलेली गोळी बाहेर. पाच, आत डोकावून बघ. सहा, बोल्ट पुढे, नवी गोळी आत. सात, पडलेली गोळी उचल, खिशात टाक.

तर सातला माझा हात गेला. सरावाला आपण सपाट कातळावर झोपायचो, गोळी कुशीतच पडायची. त्या दिवशी वाळूच्या गोण्यांचा उंचवटा होता. गोळी त्याच्यावरून घरंगळत उजवीकडे, आरोहीच्या पुढे गेली. मी कोपरावर सरकले. मी ठरवून नाही सरकले, सर. माझी नजर तेव्हाही लक्ष्यावरच होती. तुम्ही म्हणायचात ना, हालचाल अशी मुरली पाहिजे की डोक्याला विचारायला लागू नये? माझी तशीच मुरली होती.

पण रेषेच्या पुढे जायचं नाही हे तुम्ही पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. म्हणजे चूक माझीच. समिती म्हणते ते बरोबर.

शमिका

•

देवरुख
९ जून २०२४

चि. शमिकास आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला. गुडघ्याने फार त्रास दिला. शिकवणं मी सोडलं. आता संदेश मांडवकर मैदान बघतो. माझाच विद्यार्थी, पद्धत जशीच्या तशी चालवतो. मंडळाने निरोपाला सभा ठेवली होती. मला बोलायला उभं केलं आणि आयुष्यात पहिल्यांदा मी पाच मिनिटांत खाली बसलो.

वेळणेश्वरला जाऊन आलो. आरोहीशी बोललो. ती सावरेल.

मार्चमध्ये तू मला जे लिहिलंस ते आणखी कुणाला दाखवू नकोस. लोक नको ते अर्थ काढतात आणि त्रास तुलाच होईल. पुस्तकं परत पाठवायची घाई नाही.

र. धों. शिगवण

•

गोताडवाडी
१० जानेवारी २०२५

सर,

आरोही आली. परवा सकाळी मी भात वाळत घालत होते, तर अंगणाच्या टोकाला उभी. म्हणाली, "आत येऊ?" अकरा महिन्यांनी! मी म्हटलं, "नको, तिथेच उभी राहा, कावळे हाकायला बरी." मग दोघी रडलो आणि भात कोंबड्यांनी खाल्लं.

मी विचारलं, "सर वेळणेश्वरला येऊन गेले ना? काय म्हणाले?"

ती म्हणाली, "तू निर्दोष आहेस म्हणाले. जी रेषेच्या पुढे गेली तिची चूक, तू मनाला लावून घेऊ नकोस म्हणाले."

"मग तुझं ओझं उतरलं असेल."

"कसलं उतरतंय! तुझ्या डोक्यावर ठेवून माझं उतरणार होय?"

मग मी तिला छत्री घेऊन तुमच्या सात हालचाली करून दाखवल्या. सातवीला तिने मला थांबवलं. म्हणाली, "माझाही हात जायचा गो. शंभर वेळा गेला असेल. फक्त माझी कधी अडली नाही."

काल आम्ही दोघी चिरेखाणीत गेलो. संदेशदादा नव्या तुकडीला शिकवत होता. अकरा मुली पालथ्या झोपलेल्या. आम्हाला बघून ओरडला, "या माजी सैनिक, चहा सांगू काय?" आरोही म्हणाली, "दादा, चहा राहू दे. यांना न सांगता एक खोटी गोळी यांच्या पुढ्यात टाकू?" तो म्हणाला, "टाक की. तयारी बघ त्यांची." तिने गोळी रेषेच्या हातभर पुढे टाकली.

चार हात पुढे आले, सर. चार मुलींचे. एकीने तर मानसुद्धा वळवली नाही, नजर समोर आणि हात गोळीवर. संदेशदादा हसला, "बघितलंस? ही सुभेदार साहेबांची शिकवण!" मग त्याचं लक्ष माझ्या हाताकडे गेलं आणि त्याचं हसणं थांबलं.

मी म्हटलं, "दादा, सातवी बंद कर." तो पाय बदलत उभा राहिला. म्हणाला, "बाय, मी कोण बदलणारा? पाच केंद्रांवर हाच तक्ता आहे. साहेबांनी बसवलाय, साहेबांनी सांगावं." त्यांचा प्रत्यक्ष गोळीबार २ फेब्रुवारीला आहे.

मी तुम्हाला मार्चमध्येच सगळं क्रमाने लिहिलं होतं. मला स्वतःला ते लिहूनही कळलं नाही. मी माझीच चूक समजून वर्षभर मान खाली घालून हिंडले. मला एवढंच सांगा. तुम्हाला ते पत्र वाचून कळलं होतं का?

शमिका

•

देवरुख
१५ जानेवारी २०२५

शमिका,

तुझं पत्र वाचून नाही. त्याच्याही आधी.

तू कोपरावर सरकलीस तेव्हाच मला कळलं. मी तुमच्या मागे दहा पावलांवर उभा होतो. तुझा हात निघाला आणि तो कुठे चाललाय हे मला तुझ्याआधी समजलं, कारण तो हात मीच तसा घडवला होता. 'रुक' हा शब्द माझ्या तोंडात आला आणि आरोहीची गोळी सुटली. माणसाचा अर्धा शब्द तोंडात राहतो म्हणजे काय, हे मला साठाव्या वर्षी कळलं.

पलटणीत मला सहाच हालचाली शिकवल्या होत्या. पडलेली गोळी पडू द्यायची. सगळ्या रायफली रिकाम्या झाल्या, तपासून झाल्या, की हुकूम होतो, तेव्हा उचलायची. सातवी माझी. सुरुवातीच्या काळात दीपक सुतार नावाच्या एका कामगाराने चिपळूणच्या कारखान्यात लेथवर आपल्याला चोवीस खोट्या गोळ्या कातून दिल्या होत्या. पहिल्या महिन्यात सहा हरवल्या. आपल्या कातळाला भेगा किती, तुला ठाऊक आहे. गोळी गेली की गेली. मी चिडलो. नियम केला की गोळी हरवली तर सगळ्या तुकडीने खाणीला पाच फेऱ्या मारायच्या. तेव्हाच्या पोरी फेऱ्या चुकवायला लगेच उचलायला लागल्या. मला ते आवडलं. गोळ्या हरवायच्या थांबल्या. मग मी ते तक्त्यात घातलं, भिंतीवर रंगवलं, इतर केंद्रांना पाठवलं आणि त्याला शिस्त असं नाव दिलं.

मी पोरींच्या हातांआधी पितळ जपलं. वीस वर्षांत एकदाही गोळी पुढे घरंगळली नाही, म्हणून वीस वर्षं मला माझी पद्धत निर्दोष वाटली. आणि ज्या दिवशी ती घरंगळली, त्या दिवशी मी काय केलं? गोळ्या पुरवणाऱ्यांवर आग ओकलो. माझ्या आवाजाची मला कायम खात्री होती. समोर अन्याय उभा केला की माझं भाषण पेटतं आणि त्या उजेडात मी स्वतः कुठे उभा आहे ते कुणाला दिसत नाही. बघ, पुन्हा भाषण सुरू झालं.

समितीत एका सभासदाने विचारलं होतं, "सुभेदार, पोरगी गोळी उचलायला का गेली असेल?" मी म्हणालो, "घाबरली असेल." तू घाबरली नव्हतीस. तू बरोबर केलंस. मी शिकवलं ते सगळं, शेवटपर्यंत, बरोबर केलंस. हे मला तेव्हाच सांगता आलं असतं. तुझ्या मार्चच्या पत्राला मी चार उत्तरं लिहिली आणि फाडली. पाचवं जूनमध्ये पाठवलं. त्यात तुला गप्प राहायला सांगितलं.

मी तुझी क्षमा मागतो. आणखी काय मागावं ते सुचत नाही.

रघुनाथ शिगवण

•

गोताडवाडी
१९ जानेवारी २०२५

सर,

क्षमेचं मला आत्ता काही सांगता येत नाही. राग येतो, मग तुम्ही माझा हात टॉवेलात गुंडाळून रत्नागिरीपर्यंत मांडीवर धरला होतात ते आठवतं, मग त्याचाही राग येतो. त्या वेळीसुद्धा तुम्हाला सगळं माहीत होतं ना?

पण एक कळत नाही. खोटं तुम्ही सगळ्यांना लिहिलंत. माझं नाव, माझं वय घालून. ते अजून फळ्यावर आहे, कडा पिवळ्या पडल्यात. आणि खरं मात्र मला एकटीला, बंद पाकिटात. मला ते पाकिटात घेऊन काय करायचं? गोदाकाकूला वाचून दाखवू? त्या अकरा मुलींना मी ओळखतही नाही. त्यांना कोण सांगणार?

२ तारखेला दोन आठवडे आहेत.

शमिका

•

देवरुख
२२ जानेवारी २०२५

पाचही केंद्रांवरच्या रायफल शिक्षकांनो,
(प्रत: सोनवी खोरे मंडळाचे सर्व सभासद, पालक, आणि जिथे जिथे माझं मागचं पत्रक लागलं होतं तो प्रत्येक फळा)

गेल्या फेब्रुवारीत मी तुम्हाला सांगितलं की शमिका गोताडने सूचनेचा भंग केला. ते खोटं होतं. तिने माझी सूचना अक्षर न अक्षर पाळली, म्हणून तिचा हात गेला. अडलेली रायफल मोकळी केल्यावर पडलेली गोळी उचलायची, ही सातवी हालचाल कुठल्याही फौजेची नाही. ती मी घुसडली, खोट्या गोळ्या हरवू नयेत एवढ्यासाठी. मुलींना मी ती इतकी घोटून शिकवली की खऱ्या गोळीबारात हात आपोआप दुसऱ्याच्या नळीपुढे गेला. आरोहीची चूक नव्हती. शमिकाची चूक नव्हती. चौकशीच्या कागदावरची माझी सही मी मागे घेतली आहे आणि तसं मंडळाला लेखी दिलं आहे. तो शेरा माझ्या नावावर लिहा.

गोळ्या कमी मिळतात, हे खरं आहे. उद्याही मी त्यासाठी भांडेन. पण दहा गोळ्यांत रायफल शिकवता येत नाही म्हणून शंभर दिवस चुकीचं शिकवायचा परवाना आपल्याला कुणी दिला? नवशिकी मुलगी आपल्यापुढे पालथी झोपते तेव्हा ती स्वतःचं डोकं आपल्याकडे देते आणि आपण सांगू ते हातात भरून घेते. ते परत काढायला तिला किती वर्षं लागतील, याचा मी कधी विचार केला नाही. मला वाचायचा नाद आहे, लढायांचे इतिहास मी कपाट भरून वाचले. एकाही पानाने मला माझ्या मैदानावर काय चाललंय ते दाखवलं नाही. ते डाव्या हाताने लिहिलेल्या एका पत्राने बघायला लावलं.

तुमच्यातले काहीजण आजच तक्त्यावरची सातवी ओळ पुसतील. पुसा. पण भिंत पुसल्याने हात विसरत नाही. संदेशच्या मैदानावर चार मुलींचे हात नजर न वळवता पुढे आले, हे शमिकाने मला कळवलं आहे. असे हात तुमच्याकडे किती आहेत, तुम्हाला ठाऊक नाही. मलाही ठाऊक नाही. ते हात मी तुमच्या मार्फत पसरवले, आणि आता या वयात एकेकीच्या दारी जाऊन ते मागे घेणं माझ्याच्याने होणार नाही. म्हणून तुमच्यापुढे हात जोडतो.

२ फेब्रुवारीला, आणि त्यानंतरच्या प्रत्येक गोळीबाराच्या दिवशी, जिवंत गोळ्यांची पेटी उघडण्याआधी प्रत्येक मुलीला रिकामी रायफल देऊन रेषेवर झोपवा. तिला न सांगता तिच्या पुढ्यात एक खोटी गोळी टाका. तिचा हात जागचा हलला नाही, हे दहा वेळा स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याखेरीज तिच्या हाती एकही जिवंत गोळी देऊ नका.

रघुनाथ धोंडू शिगवण